खड्ड्यात नसलेलं पायदळ

बाभुळगावात माझ्याबद्दल दोन गोष्टी सांगितल्या जातात. पहिली, की मी नोकरीभर डोंगरउतारावर चर खोदवून घेतले. दुसरी, की मी एका खऱ्याखुऱ्या सुभेदाराला लढाईत हरवतो. पहिली सरकारी दप्तरात आहे, तिला माझी हरकत नाही. दुसरी मी स्वतः पसरवली. किराणा दुकानात, न्हाव्याकडे, हयातीचा दाखला द्यायला गेलो तेव्हा बँकेतल्या खिडकीपुढेसुद्धा. ती खोटी आहे, आणि ती खोटी आहे हे मला दहा महिने ठाऊक होतं. त्या दहा महिन्यांत सुभेदारांचं जे नुकसान झालं ते भरून आलं, असं ते म्हणतात. पण ते मोठ्या मनाचे आहेत, त्यामुळे त्यांच्या म्हणण्यावर विसंबून चालणार नाही. लिहूनच ठेवतो.

लढाई अर्थात टेबलावरची. माझ्या मुलानं पुण्याला शिकत असताना एक खेळ घेतला होता आणि परदेशी जाताना तो खोका आमच्या माळ्यावर टाकून गेला. आत एक मोठा नकाशा, त्यावर मधमाशीच्या पोळ्यासारखी षटकोनी घरं, घरांमध्ये टेकड्या, झाडी, रस्ते आणि एक ओढा. शिवाय पुठ्ठ्याच्या बोटभर सोंगट्या, प्रत्येकीवर बंदूकवाल्या शिपायाचं चित्र. दोन फासे. आणि साठेक पानांचं इंग्रजी नियमांचं पुस्तक, ज्याची अक्षरं मुंगीएवढी आणि वाक्यं धामणीएवढी. बुद्धिबळासारखाच प्रकार, पण बुद्धिबळात प्याद्याला जमिनीत शिरता येत नाही. इथं येतं. सोंगटी एक पाळीभर हलली नाही आणि तिनं गोळी झाडली नाही, तर तिला खोदायला लावता येतं. एका फाशावर तीन किंवा त्याहून कमी पडलं की खड्डा तयार. मग तिच्यावर कुणी गोळीबार केला तरी तिला कमी लागतं.

सुभेदार आमच्या शेजारच्या गल्लीत राहतात. पायदळात चोवीस वर्षं काढून घरी आलेले. निवृत्तीनंतर दुपारी करायचं काय, हा आम्हा दोघांचा सारखाच प्रश्न होता. मी नकाशा व्हरांड्यातल्या टेबलावर पसरला तेव्हा ते दोन्ही हात पाठीमागे बांधून त्याच्याभोवती एक फेरी मारून आले.

“याच्यात खोदता येते काय?” त्यांनी विचारलं.

“येतं.”

“मंग खेळू.” आणि त्यांनी निळ्या सोंगट्या आपल्याकडे ओढल्या. निळ्याच का, हे विचारायची मला गरज पडली नाही. माझ्या वाट्याला खाकी आल्या.

पहिल्याच डावात त्यांनी आपल्या सगळ्या सोंगट्या जागेवर बसवून खोदायला लावल्या. मी म्हणालो, “सुभेदार, शत्रू अजून टेबलाच्या त्या टोकाला आहे. चहासुद्धा झाला नाही त्याचा.”

“म्हूनच खोदून राह्यलो. तो आल्यावर वेळ भेटत नाई.”

खड्ड्यांच्या खुणेच्या सोंगट्या खोक्यात आठच होत्या. सुभेदारांना त्या पहिल्या दहा मिनिटांत संपल्या. मग आम्ही चिंचोके वापरू लागलो. संध्याकाळपर्यंत त्यांच्या बाजूचा नकाशा चिंचोक्यांनी असा भरला की माझी बायको म्हणाली, हे लढतायत की चिंच पेरतायत.

खड्ड्याला ते मोर्चा म्हणत. फौजेत तोच शब्द. “माहे चारही मोर्चे तयार हायेत,” असं ते मोठ्यानं म्हणाले की स्वयंपाकघरातून आवाज यायचा, “कोनत्या ऑफिसवर नेता भाऊजी? मागण्या काय हायेत?” सुभेदार तितक्याच गंभीरपणे उत्तर द्यायचे, “वहिनी, एकच मागणी. चहात साखर टाका.” त्यांना साखर बंद होती. ती मागणी कधीच मान्य झाली नाही.

मी खड्ड्याला चर म्हणायचो, कारण मला दुसरा शब्द सुचत नसे. फुलसावंगीच्या बाजूच्या टेकड्यांवर, नंतर इकडे, मी वर्षानुवर्षं चर आखून दिले. उताराला आडवे, एका पातळीत, दोरी धरून. वरून येणारं पाणी त्यात अडावं, थांबावं, जमिनीत मुरावं, एवढाच त्यांचा उद्योग. सुभेदारांना माझे चर हास्यास्पद वाटत.

“सरळ रेघेत खोदता? एका टोकाले गोळी झाडली तं दुसऱ्या टोकापर्यंत साफ.”

“पाणी गोळ्या झाडत नाही सुभेदार.”

“मंग तुमच्या चरात लपते कोन?”

“पाणीच लपतं.”

“नशीबवान हाय पाणी,” ते म्हणाले. “त्याले कमरेएवढ्यात भागते.”

मग त्यांनी मला ती हकिगत सांगितली. आमच्या गावात ती सगळ्यांना पाठ आहे, कारण दर सव्वीस जानेवारीला झेंडावंदनानंतर त्यांना चार शब्द बोलायला उभं करतात आणि ते हीच सांगतात. पण टेबलाशी बसून मी ती पहिल्यांदाच सावकाश ऐकली.

तेव्हा ते हवालदार होते. त्यांच्यासकट दहा जणांची तुकडी त्यांच्या ताब्यात. सीमेवर एका देवदाराच्या उतारावर त्यांना बसायचा हुकूम झाला. जमीन म्हणजे नुसता दगड. बाकीच्या तुकड्यांनी आपापल्या परीनं खोदलं. यांनी मात्र पहाटेपासून आपल्या पोरांना जुंपलं आणि खांद्याएवढं खोल झाल्याशिवाय सब्बल खाली ठेवू दिली नाही. पोरं शिव्या देत होती. उत्तरेकडच्या एका जवानाची सब्बल निसटली, दगड घसरला आणि त्याच्या डाव्या हाताची दोन बोटं त्याखाली चिरडली. बोटं वाचली नाहीत. हाताला पट्टी बांधून तो खड्ड्यात बसला आणि दुपारी उखळी तोफांचे गोळे पडायला लागले. ते अंधार पडेपर्यंत पडत राहिले. उखळी तोफ म्हणजे नळी आकाशाकडे करून गोळा उडवायची तोफ. तिचा गोळा समोरून येत नाही, डोक्यावरून खाली येतो.

“दहाचे दहा उतरलो,” सुभेदार म्हणाले. “त्या पोराची दोन बोटं माह्यामुळं गेली. पन गडी राह्यला. सौदा वाईट नाई, असं मी सोताले सांगतो. दर साली त्याच तारखेले तो फोन करते. मोर्चा आठवते का साब, म्हंते.”

हे त्यांनी सांगितलं आणि लगेच एक चिंचोका नकाशावर ठेवला. मला त्यातलं सगळं समजलं असं मला वाटलं.

आता माझ्या चुकीकडे येतो. सुभेदारांना इंग्रजी वाचता येतं, पण त्या पुस्तकातल्या धामणी त्यांना सोसेनात. म्हणून मी दोनशेपानी वही आणून तिच्यात नियम मराठीत उतरवायला घेतले. रोज सकाळी दोन पानं. माझ्या उजव्या डोळ्यात तेव्हा मोतीबिंदू पिकत होता आणि डाव्यावर माझा फाजील विश्वास होता. उखळी तोफेच्या प्रकरणात एक वाक्य होतं. त्याचा अर्थ असा: झाडीत गोळा फुटला, तर खड्ड्यात नसलेल्या पायदळावर मारा दुप्पट धरावा. मी वहीत लिहिलं: खड्ड्यात असलेल्या पायदळावर मारा दुप्पट धरावा.

एक न गेला. डोळ्याचा दोष होताच, पण सगळा दोष डोळ्यावर ढकलला तर तेही खोटं ठरेल. मला ते वाक्य खटकलं नाही, हा खरा दोष. का खटकलं नाही? कारण ज्यानं आयुष्यभर चर खोदले त्याला ठाऊक असतं, वरून जे काही येतं ते चरात येतं. चर त्यासाठीच असतो. उतारावरचं पाणी, माती, पालापाचोळा, मेलेली घूस, सगळं घरंगळत चरात. मग तोफगोळा का नाही? मला तो नियम अगदी आपल्या खात्यातला वाटला. मी त्याखाली लाल पेनानं रेघसुद्धा मारली.

पुढच्या डावात सुभेदारांनी नेहमीप्रमाणे झाडीत आपले मोर्चे खोदले. मी मागे दोन उखळी तोफा लावल्या आणि वही उघडून नियम वाचला. सुभेदार खुर्चीत पुढे सरकले.

“पुन्हा वाचा.”

मी पुन्हा वाचलं.

“असं होत नाई, साहेब. गोळ्यासाठीच तं मोर्चा असते. झाडात फुटलेला गोळा वरून उडते, जो बाहीर असन त्याले लागते.”

“पुस्तकात असंच आहे.”

“पुस्तक लिवनारा मोर्चात बसला होता काय?”

तेव्हा मी वही मिटली, चष्मा काढला आणि साइटवर मजुरांना समजावून सांगायचो त्या आवाजात म्हणालो, “सुभेदार, पाणी वरून येतं की नाही? ते कुठं जमा होतं? चरात. गोळाही वरूनच येतो.”

हे वाक्य आज मी लिहितोय तरी मला उठून आत जावंसं वाटतं. ज्या माणसानं एक आख्खी दुपार गोळ्यांखाली काढली, त्याला मी पाणलोट क्षेत्र समजावत होतो. आणि तो ऐकत होता! सुभेदार नकाशाकडे बघत म्हणाले, “असन बावा. आपन एकाच मोर्चात बसलो होतो. ज्यानं पुस्तक लिवलं त्यानं साऱ्या दुनियेचे मोर्चे पाह्यले असतीन.”

त्या दिवशी त्यांचे सगळे चिंचोके मी उचलले. मग त्या आठवड्यात दोनदा. मग महिनाभर. मी खुशीत होतो. किराणा दुकानाची फेरी सुरू झाली ती तेव्हा. “काल पुन्हा सुभेदारांना पाडलं,” असं मी गूळ जोखून घेता घेता सांगायचो, आणि दुकानदार “काय बोलता!” म्हणायचा. त्या “काय बोलता”साठी मी गरज नसताना गूळ आणलेला आहे.

हळूहळू सुभेदारांनी खोदणं सोडलं. त्यांच्या सोंगट्या झाडीत उघड्यावर उभ्या राहू लागल्या. माझ्या वहीतल्या नियमाप्रमाणे हेच शहाणपणाचं होतं, आणि ते एखादा डाव जिंकूही लागले. पण जिंकल्यावर त्यांना आनंद व्हायचा नाही. ते सोंगटी उचलायचे आणि तिच्या खालचं रिकामं घर बघायचे. बायकोनं एकदा विचारलं, “भाऊजी, हल्ली मोर्चे नाई निघत तुमचे?” ते म्हणाले, “मागनीच राह्यली नाई वहिनी.” आम्ही दोघंही हसलो. ते हसले नाहीत, हे मला नंतर आठवलं.

पुढच्या दिवाळीच्या सुमारास यवतमाळला माझा मोतीबिंदू काढला. आठ-दहा दिवसांनी नवा चष्मा आला. जग इतकं स्वच्छ दिसायला लागलं की मी भिंतीवरच्या पालीशीही ओळख करून घेतली. त्याच उत्साहात एका सकाळी नियमांचं पुस्तक उघडलं आणि उखळी तोफेचं प्रकरण वाचलं. तो शब्द तिथं होता. तीन अक्षरांचा इंग्रजी नकार. आदल्या ओळीच्या अगदी टोकाला, शिवणीजवळ दबून बसलेला, जणू त्यानंही स्वतःपुरता मोर्चा खोदला होता.

त्याच दुपारी सांगायला हवं होतं. सुभेदार आले, बसले, त्यांनी फासे हातात घेतले. मी म्हणालो, “आज उखळी तोफा नको, कंटाळा आला.” ते “बरं” म्हणाले. एवढंच झालं. पुढं मी रोज कुठल्या ना कुठल्या कारणानं तोफा खोक्यातच ठेवल्या. मी स्वतःला समजावलं की नियम वापरलाच नाही तर चूक चूक उरत नाही. खेळ आहे, पुठ्ठा आहे, दोन म्हातारे आहेत. गाव मात्र मला अजूनही विचारायचं, “मग, सुभेदाराले पाडलं का?” आणि मी मान हलवायचो. होकार होता की नकार, ते विचारणाऱ्यानं ठरवावं.

मग सव्वीस जानेवारी आली. झेंडावंदन झालं, सुभेदारांना चार शब्द बोलायला बोलावलं. मी पहिल्या रांगेत, प्लॅस्टिकच्या खुर्चीत, हातात बुंदीचा पुडा. त्यांनी तीच हकिगत सांगितली. देवदार, दगड, सब्बल, बोटं, गोळे. दहाचे दहा उतरलो. इथं ते दर वर्षी थांबतात आणि म्हणतात, “कारन आमी खोदलं होतं.” मग टाळ्या होतात. या वेळी ते थांबले आणि म्हणाले, “मले वाटे, आमी खोदलं म्हून वाचलो. आता समजलं का तसं नसते. ते नशीब होतं. त्या पोराची बोटं मी फुकट घालवली.” आणि खाली उतरले.

टाळ्या झाल्या. लोक टाळ्या नेहमीच्या जागी वाजवतात, काय बोललं गेलं ते घरी जाऊनही त्यांच्या लक्षात येत नाही. मी मात्र बुंदीचा पुडा उघडलाच नाही. तिथं उभं राहून “थांबा, एक न राहिला आहे” असं ओरडायला हवं होतं. मी शेजारच्या खुर्चीतल्या माणसाला पुडा दिला आणि साखर वाढली आहे म्हणून सांगितलं. मला साखर नाही. ते सुभेदारांचं दुखणं. मी तेही उसनं घेतलं.

उन्हाळ्यात एका दुपारी आम्ही खेळत असताना त्यांचा फोन वाजला. त्यांनी पडद्यावर नाव बघितलं आणि फोन पालथा ठेवला. तो पुन्हा वाजला. पुन्हा वाजला. लाकडी टेबलावर तो असा थरथरत होता की सोंगट्या आपापली घरं सोडून सरकल्या.

“घ्या की,” मी म्हणालो.

“तोच हाय. आज तारीख हाय ना.”

“मग?”

“मांगच्या सालीही नाई उचलला. काय सांगू त्याले? गड्या, तुही बोटं मी उगाच खाल्ली, असं सांगू?”

फोन थांबला. सुभेदारांनी सरकलेल्या सोंगट्या एकेक करून जागेवर ठेवल्या. माझ्याही ठेवल्या, अगदी बरोबर. मी काहीच बोललो नाही. आणखी तीन महिने बोललो नाही. याचं कारण मला देता येत नाही. भीती म्हणावी तर ते मला मारणार नव्हते. लाज म्हणावी तर ती रोज वाढत होती आणि वाढलेली लाज सांगणं अधिक कठीण, हे मला रोज कळत होतं. चर वेळेवर साफ केला नाही तर गाळानं भरून सपाट होतो आणि इथं चर होता हेच दिसत नाही. मला वाटतं मी त्या सपाटीची वाट बघत होतो.

पोळा झाला आणि चार दिवसांनी मी सांगितलं. विशेष काही घडलं नव्हतं. सुभेदार फासे खुळखुळवत होते आणि मी म्हणालो, “सुभेदार, तो तोफेचा नियम मी उलटा लिहिला होता.”

“कोनता?”

मी पुस्तक उघडून त्यांच्यापुढे ठेवलं आणि बोट लावलं. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, पान नाकाजवळ नेलं आणि ती धामण सबंध वाचली. मग त्या शब्दावर येऊन एकेक अक्षर मोठ्यानं म्हणाले. “एन. ओ. टी.” मग वही मागितली, माझं वाक्य वाचलं, लाल रेघ बघितली.

“रेघ बी मारली तुमी.”

“हो.”

“कधीपासून मालूम हाय?”

“डोळ्याचं ऑपरेशन झालं तेव्हापासून.”

“म्हंजे दिवाळीपासून.”

“हो.”

“सव्वीस जानेवारीले तुमी समोर बसले होते. बुंदी खात.”

“खाल्ली नाही,” मी म्हणालो. माझ्या बाजूनं बोलण्यासारखं तेवढंच होतं.

ते उठले. चहा आत उकळत होता. बायको कप घेऊन बाहेर आली तेव्हा फाटकाची कडी वाजली होती.

पाच दिवस ते आले नाहीत. नकाशा तसाच पसरलेला होता आणि त्यावर धूळ बसत होती. बायकोनं विचारलं, “तह झाला का काय?” मग मी तिला सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं, पदराला हात पुसले आणि म्हणाली, “तुमाले माफी मागायले बी अगोदर जागा खोदून पायजे काय? चपला घाला अन् जा.”

सुभेदार अंगणात खाटेवर बसले होते. फोन मांडीवर. मला बघून त्यांनी बसा म्हटलं नाही, उठून जा असंही म्हटलं नाही. मी खाटेच्या टोकाला टेकलो.

“चार रोज झाले,” ते फोनकडे बघत म्हणाले. “नंबर काढतो अन् बंद करतो. दोन साल फोन उचलला नाई मी त्याचा. आता कोनत्या तोंडानं लावू?”

“माझ्या तोंडानं लावा,” मी म्हणालो.

त्यांनी माझ्याकडे पहिल्यांदाच नीट बघितलं. “लावा. तुमचाच गुन्हा हाय. पन हिंदीत सांगा लागन. त्याले तुमची मराठी नाई समजनार.”

माझी हिंदी ऐकून यवतमाळच्या बाजारातल्या शेळ्यासुद्धा मान वळवतात. तरी मी फोन लावला आणि सुभेदारांनी तो मोठ्या आवाजावर करून आमच्या दोघांमध्ये ठेवला. पलीकडून लगेच आवाज आला, “जय हिंद साब!”

“मैं साब नहीं,” मी म्हणालो. “मैं उनका दोस्त, बाभुळगाव से.”

पलीकडचा आवाज एकदम उतरला. मग अगदी हळू, “साब ठीक तो हैं?”

मला कळलं त्याला काय वाटलं. मी घाईघाईनं म्हणालो, “ठीक है, ठीक है, बाजू में बैठे है. गुस्सा है. मेरे ऊपर. मेरे से एक गलती हो गया. किताब में एक नॉट था, वो मैंने नहीं लिखा.”

“कौन सी किताब?”

“खेल की. पुठ्ठे का खेल है. उसमें मोर्चा खोदते हैं. मैंने बताया कि मोर्चे में गोला ज्यादा लगता है. इसलिए साब को लगा कि आपकी उंगली फोकट गई.”

पलीकडं मागं एक म्हैस हंबरली. मग तो म्हणाला, “मतलब साब दो साल से पुठ्ठे के पीछे मेरा फोन नहीं उठा रहे?”

“हां.”

“और मैं समझा साब भूल गए.” नंतर त्याचा आवाज चढला. “अरे, तो मुझसे पूछ लेते! मैं तो उसी मोर्चे में बैठा था! ऊपर देवदार में फट रहा था, सारा माल बाहर गिर रहा था. मेरा पिट्ठू, पीठ वाला थैला, मोर्चे के बाहर रह गया था, उसकी छलनी हो गई. किताब वाला आया था क्या देखने? और उंगली पत्थर ने ली थी, साब ने नहीं ली. आठ उंगली से बारह भैंस दुहता हूं मैं. फोन दो साब को!”

मी फोन सुभेदारांकडे सरकवला. त्यांनी तो उचलला, कानाला लावला आणि माझ्याकडे पाठ केली. पलीकडचं मला काही ऐकू आलं नाही. सुभेदारांचंही फारसं नाही. “हां... हां बेटा... तेरे कंधे तक था, हां... तू गाली दे रहा था मेरे को, मैंने सुना था...” मग ते हसले. मग हसता हसता थांबले आणि खाटेची दोरी घट्ट धरून बसले. मी अंगणातून बाहेर पडलो. फाटक आवाज न करता लावलं.

दुसऱ्या दिवशी ते दुपारी आले. नकाशावरची धूळ त्यांनी रुमालानं झटकली आणि म्हणाले, “आतापर्यंत जेवढे डाव झाले तेवढे रद्द. दुकानदाराले तुमी सांगा.” मी सांगितलं. तो “काय बोलता!” म्हणाला, अगदी त्याच सुरात.

पण दुकानदाराला सांगून भागत नाही. त्या सव्वीस जानेवारीला मैदानात जे होते आणि ज्यांनी टाळ्या वाजवल्या, त्यांच्यासाठी हे लिहिलं. सुभेदारांनी त्या दिवशी जे सांगितलं ते चूक होतं, आणि ती चूक माझी होती. त्यांनी आपली पोरं पहाटेपासून राबवली, खांद्याएवढं खोल खोदून घेतलं, म्हणून ती जगली. त्या जवानाची बोटं फुकट गेली नाहीत. येत्या झेंडावंदनाला तुम्हीच दुरुस्त करा, असं मी सुभेदारांना म्हणालो, तर ते म्हणाले, “मी काहून करू? ज्यानं न खाल्ला त्यानं लिवावं.”

लिहून झाल्यावर मी त्यांना हे सगळं वाचून दाखवलं. बुंदीपाशी ते हसले. शेवटी मात्र त्यांनी कागद माझ्या हातातून घेतले.

“एक राह्यलं,” ते म्हणाले. “आमच्या बाजूच्या तुकडीचा मोर्चा बी तेवढाच खोल होता. थेट त्याच्यातच एक गोळा पडला. दोघं गेले त्यायचे. हे मी कधी झेंड्याखाली सांगतलं नाई.”

मी विचारलं, “मग नशीब लिहू का?”

त्यांनी कागद परत दिले. “थोडं लिवा,” म्हणाले. “बाकीचं आमी खोदलं.”